ॲलर्जीचा तीव्र आघात : ओळख आणि तातडीचा उपचार

शाळेची सहल एखाद्या डोंगरावर गेली आहे आणि कड्यावरच्या पोळ्यातून उठलेल्या मधमाश्या दोन मुलांना डसल्या आहेत, अशी कल्पना करावी. पहिल्या मुलाला चार माश्या चावल्या आहेत. त्याचा हात सुजतो, आग होते, तो रडतो. पण काही तासांनी वेदना ओसरू लागते आणि दोन-तीन दिवसांत सूज उतरते. दुसऱ्या मुलाला एकच माशी चावली आहे. पाच मिनिटांत त्याच्या पोटावर आणि पाठीवर लाल गांधी उठतात, ओठ जाड होतात, आवाज घोगरा होतो. “पित्त उठलेले दिसते, जरा सावलीत बसवा,” असे बरोबरच्या मंडळींपैकी कोणीतरी सांगते. आणखी पाच मिनिटांनी त्याला खोकल्याची उबळ येते, चेहरा पांढराफटक पडतो. तो उठून उभा राहू पाहतो आणि जागच्या जागी कोसळतो.

दुसऱ्या मुलाच्या अंगात पहिल्यापेक्षा कमी विष गेले होते. तरीही त्याच्या जिवावर बेतले, ह्याचे कारण विषाच्या प्रमाणात नसून त्या विषाला त्याच्या स्वतःच्या शरीराने दिलेल्या उत्तरात आहे. ह्या उत्तराला वैद्यकशास्त्रात ‘ॲनाफिलॅक्सिस’ असे नाव आहे. ॲलर्जीचा हा सर्वांत तीव्र प्रकार होय. त्यावर खात्रीचे औषध उपलब्ध आहे. ते शतकाहून अधिक काळ माणसाच्या हाती आहे आणि ते महागही नाही. असे असूनही माणसे दगावतात. त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : विलंब. हा विलंब कोठे आणि का होतो, हे नीट कळण्यासाठी प्रथम ह्या विकाराचे स्वरूप समजून घेतले पाहिजे.

संरक्षणाच्या उलट

१९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचे राजे पहिले अल्बर्ट ह्यांच्या संशोधन-नौकेवरून पॉल पोर्त्ये आणि शार्ल रिशे हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ अटलांटिक महासागरात गेले होते. फिझेलिया नावाचा एक समुद्रजीव आपल्या लांब तंतूंनी दंश करतो. त्याच्या विषाचा अभ्यास करणे, हा त्यांचा उद्देश होता. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी हेच काम समुद्रफुलाच्या विषावर पुढे चालविले. हे विष अल्प प्रमाणात टोचल्यास प्राण्याच्या अंगी त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. ती अस्थानी नव्हती. घटसर्पासारख्या रोगांच्या बाबतीत ह्याच तत्त्वाने मोठे यश मिळवून दिले होते.

नेपच्यून नावाच्या एका धट्ट्याकट्ट्या कुत्र्याला त्यांनी विषाची लहानशी मात्रा टोचली. त्याला काहीही झाले नाही. २२ दिवसांनी, कुत्रा पूर्णपणे निरोगी असताना, तेवढीच मात्रा पुन्हा टोचण्यात आली. काही सेकंदांतच त्याला धाप लागली, पाय लटपटू लागले, तो कुशीवर पडला, त्याला जुलाब आणि रक्ताच्या वांत्या झाल्या आणि अवघ्या २५ मिनिटांत, म्हणजे सुमारे एका घटकेत, तो मरण पावला. पहिल्या मात्रेने त्याचे रक्षण झाले नव्हते. उलट तो त्या विषाला अधिकच बळी पडण्याजोगा झाला होता.

रक्षणासाठी ग्रीक भाषेत ‘फिलॅक्सिस’ असा शब्द आहे. त्याच्या नेमके उलट घडलेले पाहून रिशे ह्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ ही संज्ञा योजिली. हे संशोधन १९०२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याबद्दल रिशे ह्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नेपच्यूनच्या मृत्यूत पुढील साऱ्या विवेचनाचे सार आढळते : आघात अचानक येतो, तो शरीराच्या अनेक भागांवर एकाच वेळी होतो आणि त्याला आवर घालण्यास मिळणारा अवधी मिनिटांत मोजावा लागतो.

शरीरात काय घडते

१९०६ मध्ये व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के ह्यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द रूढ केला. बाहेरील पदार्थाशी एकदा संपर्क आल्यानंतर शरीराची प्रतिक्रिया बदलते, असा त्यांचा अर्थ होता. हा बदल शरीरात नेमका कोठे साठविला जातो, ह्याचा मागोवा १९२१ मध्ये एका साध्या प्रयोगाने लागला. हाइन्झ क्यूस्टनर ह्या जर्मन डॉक्टरांना शिजविलेले मासे सोसत नसत. त्यांच्या रक्तातील रक्तरस काढून त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ ह्यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे गांधी उठली. प्राउस्निट्झ ह्यांना माशांची ॲलर्जी नव्हती. ती क्यूस्टनर ह्यांच्या रक्तरसाबरोबर आली होती. रक्तात असे काही तरी असते की जे ॲलर्जी वाहून नेते, हे त्यावरून सिद्ध झाले.

ते ‘काही तरी’ हाती लागण्यास आणखी ४५ वर्षे जावी लागली. १९६६ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या किमिशिगे व तेरुको इशिझाका ह्या जपानी दांपत्याने एका नव्या प्रकारच्या प्रतिपिंडाचा शोध लावला. त्याच सुमारास स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिश हे स्वतंत्रपणे त्याच पदार्थापर्यंत पोहोचले. १९६८ मध्ये त्याला ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’ असे नाव देण्यात आले.

हे प्रतिपिंड त्वचा, श्वासमार्ग आणि आतडी ह्यांतील ‘मास्ट कोशिका’ नावाच्या विशिष्ट पेशींच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. प्रत्येक मास्ट कोशिकेत हिस्टामीन व इतर तीव्र रसायनांनी भरलेले असंख्य कण असतात. मधमाशीचे विष, कोळंबीतील एखादे प्रथिन किंवा पेनिसिलीनसारखे औषध ह्यांच्याशी पहिला संपर्क येतो, तेव्हा काही व्यक्तींच्या शरीरात त्या पदार्थाविरुद्ध हे प्रतिपिंड तयार होतात. त्या वेळी बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे तोच पदार्थ पुन्हा शरीरात आला की तो प्रतिपिंडांना जोडला जातो आणि लक्षावधी मास्ट कोशिका आपल्यातील रसायने जवळजवळ एकाच क्षणी बाहेर टाकतात.

त्याचे परिणाम मुख्यतः तीन ठिकाणी दिसतात. त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावून पाझरू लागतात; त्यामुळे गांधी उठतात आणि ओठ, पापण्या, जीभ सुजतात. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात आणि स्वरयंत्राजवळचे अस्तर सुजते. त्यामुळे हवेचा मार्ग अरुंद होतो. आणि साऱ्या शरीरातील रक्तवाहिन्या सैल पडून त्यांतील द्रव आसपासच्या ऊतकांत झिरपू लागतो. तीव्र आघातात १० मिनिटांत रक्तवाहिन्यांतील द्रवापैकी एकतृतीयांशापर्यंतचा भाग अशा रीतीने बाहेर जाऊ शकतो. जखम नसते, रक्ताचा एक थेंबही सांडलेला दिसत नाही. परंतु हृदयाकडे परत येणारे रक्त कमी पडते, रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला रक्त पुरत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. काही पदार्थ प्रतिपिंडांच्या मध्यस्थीशिवायही हाच उत्पात घडवून आणतात. काही वेदनाशामके, क्ष-किरण तपासणीसाठी शिरेतून देण्यात येणारी काही द्रव्ये आणि सर्पदंशावरील प्रतिविष ही त्याची उदाहरणे होत. त्यामुळे ‘हे औषध पूर्वी कधी घेतलेलेच नाही, मग त्याची ॲलर्जी कशी होईल?’ हा युक्तिवाद भ्रामक ठरतो.

ओळख

आघात ओळखण्याची किल्ली दोन गोष्टींत आहे : वेग आणि व्याप्ती. लक्षणे बहुधा काही मिनिटांत, अन्नाच्या बाबतीत क्वचित एक-दोन तासांत दिसू लागतात, आणि ती शरीराच्या एकाहून अधिक भागांत दिसतात.

मधमाशीने चावलेला हातच तेवढा सुजला, तर ती स्थानिक प्रतिक्रिया होय. अंगावर केवळ पित्त उठले आणि दुसरे काहीही झाले नाही, तर तेवढ्यावरून ॲनाफिलॅक्सिस म्हणता येत नाही. मात्र रुग्णावर लक्ष ठेवणे अगत्याचे असते. परंतु त्वचेवरील लक्षणांबरोबर पुढीलपैकी एक जरी गोष्ट दिसली, तरी तो तीव्र आघात समजावा : श्वास घेताना घरघर किंवा शीळ घातल्यासारखा आवाज, सततचा खोकला, घोगरा आवाज, गिळण्यास त्रास, घेरी, फिकटपणा, नाडी जलद व क्षीण लागणे, शुद्ध हरपणे, अथवा पोटात तीव्र कळा येऊन वारंवार उलट्या होणे.

जागतिक ॲलर्जी संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या निकषांत आणखी एका स्थितीचा समावेश आहे. ज्या पदार्थाची ॲलर्जी असल्याचे ठाऊक आहे किंवा दाट संशय आहे अशा पदार्थाशी संपर्क आल्यानंतर रक्तदाब कोसळला, श्वासनलिका आवळल्या गेल्या किंवा स्वरयंत्र सुजले, तर त्वचेवर एकही गांधी नसली तरी तो ॲनाफिलॅक्सिस होय. दहा-वीस टक्के रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही. ‘अंगावर तर काही उठलेले नाही’ असे म्हणून थांबणे म्हणूनच धोक्याचे असते.

लहान मुलांना आपल्याला काय होत आहे ते सांगता येत नाही. एरवी खेळकर असलेले मूल एकाएकी गप्प व मलूल होणे, सतत रडणे, जीभ बाहेर काढणे किंवा घसा खाजविणे, ह्यांकडे दुर्लक्ष करू नये. प्रौढ रुग्ण पुष्कळदा ‘काही तरी भयंकर होणार आहे’ असे बोलून दाखवितात. ही भीती मनाची नसून शरीराची सूचना असते.

इतर काही स्थितींशी ह्या आघाताची गल्लत होण्याचा संभव असतो. सुई पाहून आलेल्या साध्या भोवळीत नाडी मंदावते, अंगावर गांधी उठत नाहीत आणि आडवे निजविताच रुग्ण सावरतो. विंचवाच्या दंशाने होणारा त्रास हा बहुधा विषाचाच परिणाम असतो आणि त्याचे उपचारही वेगळे असतात.

उपचार

आघाताच्या वेळी शरीरात जे घडते, त्याच्या जवळजवळ प्रत्येक कडीला तोडणारे एक द्रव्य शरीरातच तयार होते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींत स्रवणारे ॲड्रेनॅलीन हे ते द्रव्य होय. ज्या वर्षी पोर्त्ये आणि रिशे सागरावर गेले, त्याच १९०१ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने ह्यांनी ते स्फटिकरूपात वेगळे केल्याचे जाहीर केले. रोगाचे आकलन आणि त्यावरील औषध ही अशी बरोबरच माणसाच्या हाती आली.

ॲड्रेनॅलीन सैल पडलेल्या रक्तवाहिन्यांना आकुंचित करते, त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि सूज उतरते; ते हृदयाचे ठोके जोरकस करते; आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करते; आणि मास्ट कोशिकांतून रसायने बाहेर पडण्याची क्रियाही रोखते. दुसरे कोणतेही एक औषध ही चारही कामे करीत नाही.

ते द्यावयाचे ते मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूस, स्नायूमध्ये. कॅनडातील एस्टेल सिमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुलांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की, मांडीच्या स्नायूत दिलेल्या ॲड्रेनॅलीनची रक्तातील पातळी सरासरी ८ मिनिटांत कमाल मर्यादेला पोहोचते. त्वचेखाली दिल्यास त्याला ३४ मिनिटे लागतात. जेथे जगणे-मरणे मिनिटांवर ठरते, तेथे हे अंतर केवढे मोठे आहे, हे सांगावयास नको.

एका मिलिलिटरात एक मिलिग्रॅम औषध असलेली कुपी सामान्यतः वापरण्यात येते. मात्रा शरीरभाराच्या दर किलोग्रॅममागे ०.०१ मिलिग्रॅम अशी ठरविली जाते. प्रौढांसाठी ती ०.५ मिलिग्रॅमपेक्षा आणि लहान मुलांसाठी ०.३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसते. उदाहरणार्थ, २० किलोग्रॅम वजनाच्या मुलाला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे कुपीतील ०.२ मिलिलिटर द्रव पुरतो. सुधारणा न दिसल्यास पाच मिनिटांनी तेवढीच मात्रा पुन्हा देतात. हे काम डॉक्टर, परिचारिका किंवा त्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती ह्यांनी करावयाचे आहे. तेच औषध शिरेतून देणे मात्र अत्यंत जोखमीचे असून ते रुग्णालयातील तज्ज्ञांवरच सोपवावे.

काही देशांत रुग्णाला स्वतः वापरता येईल असे, ठरलेली मात्रा भरलेले पेनसारखे साधन मिळते. नाकात फवारावयाच्या ॲड्रेनॅलीनलाही अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ही साधने भारतात सर्वत्र सहजी मिळत नाहीत आणि ती महागही पडतात. परंतु साधी कुपी आणि सुई ह्यांनी होणारे काम त्यांहून कमी प्रतीचे नसते.

सामान्य माणसाने काय करावे, हे पुढीलप्रमाणे सांगता येईल. आघाताचे कारण दूर करावे : शिरेतून औषध चालू असेल तर ते थांबविण्यास सांगावे, मधमाशीचा काटा त्वचेत रुतला असेल तर तो ताबडतोब काढावा. काटा चिमटीत धरून काढू नये, खरवडूनच काढावा, असे पूर्वी सांगत असत. परंतु १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून असे दिसते की, तो कसा काढला ह्यापेक्षा किती लवकर काढला ह्यालाच महत्त्व आहे. त्याच वेळी दुसऱ्या कोणी ११२ किंवा १०८ ह्या क्रमांकावर मदत मागवावी आणि ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा. रुग्णाजवळ त्याचे स्वतःचे ॲड्रेनॅलीन असेल, तर ते वापरण्यास त्याला विनाविलंब साहाय्य करावे.

रुग्णाला आडवे निजवावे आणि त्याचे पाय उंच ठेवावेत. श्वास घेता येत नसेल तर पाय लांब सोडून बसू द्यावे. उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवावे. गर्भवती स्त्रीला डाव्या कुशीवर निजवावे. त्याला उभे करू नये, चालवू नये, वाहनापर्यंतही नाही. उभे राहिल्यास आधीच कमी झालेले रक्त पायांकडे उतरते आणि हृदय रिकामे पडते. ब्रिटनमधील डॉक्टर रिचर्ड पम्फ्री ह्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, काही रुग्णांचा मृत्यू त्यांना बसते किंवा उभे केल्यानंतर काही क्षणांतच घडला होता. सहलीतील तो मुलगा उठून उभा राहताच कोसळला, त्याचे कारण हेच. श्वास व हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देण्याची क्रिया तत्काळ सुरू करावी.

विलंब कोठे होतो

पम्फ्री ह्यांनीच १९९२ ते १९९८ ह्या काळात ब्रिटनमध्ये ॲनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंची छाननी केली होती. श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंत गेलेला वेळ शिरेतून दिलेल्या औषधांच्या बाबतीत साधारण ५ मिनिटे, कीटकदंशाच्या बाबतीत १५ मिनिटे आणि अन्नाच्या बाबतीत ३० मिनिटे होता. ह्या मृतांपैकी ६२ टक्के रुग्णांना ॲड्रेनॅलीन दिले गेले होते. परंतु हृदय वा श्वास थांबण्यापूर्वी ते मिळालेले रुग्ण केवळ १४ टक्के होते. औषध होते, ते देणारेही होते. वेळ मात्र निघून गेली होती.

हा विलंब तीन ठिकाणी होतो. पहिला घरात : पित्त उठले म्हणून आमसुलाचे पाणी अंगाला लावून वाट पाहिली जाते. साध्या पित्तावर त्याने अपाय होत नाही; पण श्वास कोंडू लागल्यावर वाट पाहणे प्राणघातक ठरते. दुसरा विलंब दवाखान्यात : हिस्टामीनविरोधी औषध आणि स्टेरॉइड आधी दिले जाते आणि ‘त्याने उतार पडला नाही तर’ म्हणून ॲड्रेनॅलीन मागे ठेवले जाते. हिस्टामीनविरोधी औषधाने खाज आणि गांधी कमी होतात. श्वासमार्ग मोकळा होत नाही आणि रक्तदाबही सावरत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसण्यास कित्येक तास लागतात. ही औषधे नंतर देता येतात. ती ॲड्रेनॅलीनची जागा घेऊ शकत नाहीत. तिसरा विलंब मनात असतो : ॲड्रेनॅलीन ‘हृदयाला जड’ म्हणून त्याची भीती वाटते. योग्य मात्रेत स्नायूमध्ये दिलेल्या ॲड्रेनॅलीनने काही काळ धडधड, कंप आणि फिकटपणा येतो व तो लवकरच ओसरतो. निकड संशयास्पद असताना ते देण्यात जी जोखीम आहे, तिच्यापेक्षा निकड असताना ते न देण्यातील जोखीम कितीतरी मोठी आहे.

प्रतिविषाचे उदाहरण

भारतात ह्या विषयाला एक विशेष महत्त्व आहे. २००० ते २०१९ ह्या काळात देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. त्यावरील एकमेव खरे औषध म्हणजे प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चार सापांचे विष घोड्यांना अल्प प्रमाणात टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून ते बनवितात. घोड्याची प्रथिने मानवी शरीराला परकी असल्यामुळे प्रतिविष देताना तीव्र प्रतिक्रिया उद्भवण्याचा संभव असतो. थोडे प्रतिविष त्वचेत टोचून करावयाची पूर्वचाचणी ह्या कामी विश्वसनीय ठरत नाही आणि तीत वेळ मात्र जातो.

श्रीलंकेत १००७ सर्पदंशाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर चाचणीत प्रतिविष देण्यापूर्वी तीन औषधे पारखण्यात आली : ॲड्रेनॅलीनची अल्प मात्रा, एक हिस्टामीनविरोधी औषध आणि एक स्टेरॉइड. ॲड्रेनॅलीनमुळे पहिल्या तासातील तीव्र प्रतिक्रिया ४३ टक्क्यांनी घटल्या. उरलेल्या दोन औषधांचा असा उपयोग आढळला नाही. येथे ॲड्रेनॅलीन प्रतिबंधासाठी त्वचेखाली दिले होते, हे विसरू नये. आघात झाल्यावर ते मांडीच्या स्नायूतच द्यावयाचे असते.

प्रतिक्रिया आली तर प्रतिविष क्षणभर थांबवितात, ॲड्रेनॅलीन देतात आणि रुग्ण सावरल्यावर प्रतिविष पुन्हा हळूहळू सुरू करतात. प्रतिक्रियेच्या भयाने प्रतिविषच नाकारणे म्हणजे एका संकटाला भिऊन दुसऱ्याच्या हाती सापडण्यासारखे आहे. लसीकरणाच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. लसीमुळे ॲनाफिलॅक्सिस होण्याचे प्रमाण दहा लाख मात्रांमागे सुमारे एक इतके अल्प आहे. तरीही लसीकरणाच्या जागी ॲड्रेनॅलीन सज्ज ठेवतात आणि लस घेतल्यावर थोडा वेळ तेथेच बसविले जाते. २०२१ मध्ये कोविडची लस घेणाऱ्या कोट्यवधी भारतीयांना अर्धा तास बसवून ठेवण्यात आले, त्यामागे हीच दक्षता होती.

आघात ओसरल्यानंतर

सुधारणा झाली म्हणजे धोका टळला, असे मानू नये. थोड्या रुग्णांत, पुन्हा संपर्क न येताही, काही तासांनी लक्षणांची दुसरी लाट येते. म्हणून रुग्णाला कित्येक तास, आघात तीव्र असल्यास रात्रभर, रुग्णालयात ठेवतात.

त्यानंतर कारणाचा शोध घेतला पाहिजे. त्याआधीच्या दोन-तीन तासांत काय खाल्ले, कोणते औषध घेतले, कोणता कीटक चावला, किती वेळाने काय झाले, ह्याची नोंद ताजी असतानाच लिहून ठेवावी. ज्या औषधाने आघात झाला त्याचे नाव कागदावर लिहून तो कागद नेहमी जवळ बाळगावा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवावा. मधमाशीच्या विषाची ॲलर्जी असणाऱ्यांना तेच विष अत्यल्प मात्रेपासून क्रमाक्रमाने वाढवीत टोचून शरीराला त्याची सवय लावता येते. ह्या उपचाराची उपयुक्तता १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीने सिद्ध केली. रिशे ह्यांनी जे साधण्याचा यत्न केला होता, ते अशा रीतीने कालांतराने साध्य झाले.

शाळांनी कोणत्या विद्यार्थ्याला कशाची ॲलर्जी आहे, ह्याची यादी ठेवावी आणि ती सहलीला निघताना बरोबर न्यावी. जाण्याच्या ठिकाणाजवळचे रुग्णालय कोणते, तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो आणि तेथे ॲड्रेनॅलीन असते की नाही, ह्याची चौकशी आधीच करावी. ह्या तयारीला खर्च जवळजवळ नाही.

आता सहलीतील त्या दुसऱ्या मुलाकडे पुन्हा वळावे. गांधी उठल्या आणि आवाज घोगरा झाला, त्याच क्षणी शिक्षकांनी आघात ओळखला आहे. काटा काढला आहे. मुलाला आडवे निजवून पाय उंच केले आहेत. एकाने मदत मागविली आहे आणि पायथ्याच्या आरोग्य केंद्रातील परिचारिका कुपी घेऊन वर आली आहे. मांडीत औषध गेल्यावर काही मिनिटांतच त्याच्या ओठांवर रंग परततो आणि तो पाणी मागतो. औषध तेच, मूल तेच आणि मधमाशीही तीच. फरक पडला तो केवळ पहिल्या पाच मिनिटांचे काय केले, ह्याने.